मानीबाईंचे विनापरवाना प्रसारण

भारतात हवेतून बोलायला परवाना लागतो, ऐकायला लागत नाही. पूर्वी ऐकायलाही लागत असे. रेडिओचे पुस्तक घेऊन पोस्टात जावे लागे, शिक्का मारून आणावा लागे. पुढे सरकारने ती अट काढून टाकली आणि लोकांनी ऐकणेच सोडून दिले.

नेरचे घनश्याम भोयर (वय त्रेसष्ट, निवृत्त प्रयोगशाळा परिचर) मात्र ऐकत राहिले. त्यांना विनापरवाना रेडिओ केंद्रे पकडण्याचा छंद होता. पकडणे पोलिसांसारखे नव्हे. केंद्र ऐकायचे, तारीख-वेळ वहीत लिहायची, चालकाला अहवाल पाठवायचा आणि 'होय, आपण आम्हालाच ऐकले' असे पोचपत्र मिळवायचे. एवढ्यासाठी माणसे गच्चीवर तारा बांधून आयुष्य काढतात. जिल्ह्यात त्यांच्या मंडळाचे दोन सभासद आहेत: अध्यक्ष घनश्यामराव आणि कार्याध्यक्ष कळंबचे कपिल ठोंबरे. (निवडणूक दर तीन वर्षांनी होते. चुरशीची होते.)

अकरा वर्षांत मात्र एकही चोरटे केंद्र लागले नव्हते. लागायची ती खरखर. एलईडी बल्बची, चार्जरची, शेजारच्या मिक्सरची. घनश्यामराव तीही प्रामाणिकपणे लिहून ठेवीत.

"आज काय लागलं?" त्यांच्या पत्नी प्रभावतीबाई विचारीत.

"खरखर."

"कालचीच का नवी?"

आणि जानेवारीतल्या एका मंगळवारी, दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी, खरखरीतून एका बाईचा आवाज आला.

"हट! लाज नाही वाटत? तुह्या बापाचं वावर हाय का? निघ म्हणतो न! अजून उभाच हायेस?"

घनश्यामरावांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. तो पुसण्याआधी त्यांनी वहीत नोंद केली: 'कार्यक्रमाचे स्वरूप: कौटुंबिक श्रुतिका. पात्रे दोन. पैकी एक बोलत नाही, बहुधा पती.'

श्रुतिका रोज चाले. कपिलराव कळंबहून बसने आले, आणि दोघांनी चौदा दिवस शास्त्रशुद्ध अभ्यास केला. 'हट' चारशे बारा वेळा, 'निघ' तीनशे ऐंशी, 'लाज' शहाण्णव. पतीचे संवाद शून्य. कपिलरावांच्या मते ही गुप्त लिपी होती व प्रश्न देशाच्या सुरक्षेचा होता. ताबडतोब वर कळवावे, असे त्यांनी सुचवले.

घनश्यामराव त्या दिवशी जेवले नाहीत. कळवावे, तर अकरा वर्षांनी लागलेले केंद्र बंद पडणार. न कळवावे, तर कर्तव्यात कसूर.

"त्या बाईले जाऊन काहून नाही इचारत?" प्रभावतीबाई म्हणाल्या. हा मार्ग मंडळाच्या नियमावलीत नव्हता, म्हणून सुचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघे सभासद एरियल फिरवत, आवाज जिकडून मोठा येईल तिकडे चालत निघाले. तीन किलोमीटरवर, शेंगेवर आलेल्या एका तुरीच्या वावरात, खांबाला रेडिओ टांगलेला दिसला. त्यातून ती बाई ओरडत होती. समोरून एक रोही, म्हणजे नीलगाय, खाली मान घालून निघून चालला होता. अबोल पती तो हाच.

तिथून पुढच्याच तांड्यावर, कडुलिंबाखाली बाजेवर, मानीबाई आडे माइक घेऊन बसल्या होत्या. शेजारी त्यांची सून रंजिता. ती मोबाइल दुरुस्त करी; हे प्रसारणाचे यंत्रही तिनेच जोडले होते.

"नमस्कार. आम्ही तुमचे श्रोते," घनश्यामराव म्हणाले.

मानीबाई सुनेकडे वळल्या. "माणसंही आयकून राह्यले का वं?"

रंजिताने खुलासा केला. आधी वावरात रेडिओवर सिनेमाची गाणी लावली. रोही दोन दिवस बिचकले, मग सरावले. भजने लावली, ते खाली बसून रवंथ करू लागले. बातम्या तर पूर्ण ऐकून मगच तूर खायला लागत. मानीबाईंच्या आवाजापुढे मात्र आजवर कोणी टिकले नव्हते. (मानीबाईंचे पती पूनमसिंग वीस वर्षे लांब मुकुटबनकडे कामाला आहेत.) एका वेळी एकाच वावरात ओरडता येते, एवढीच उणीव होती. ती यंत्राने भरून काढली. आता अकरा वावरे राखली जात होती.

घनश्यामरावांनी चार पानी अहवाल पुढे केला आणि पोचपत्र मागितले.

"आयकलं तं आयकलं. त्याले कागद कायले?" मानीबाई म्हणाल्या. पण घनश्यामरावांचा चेहरा पाहून त्यांनी रंजिताला लिहायला लावले. रंजिताने लिहिले: 'घनश्याम भोयर यांनी आमचे प्रसारण चौदा दिवस ऐकले. तरी गेले नाहीत. असे प्रथमच घडले.'

हे पोचपत्र कपिलरावांनी अभिमानाने, पत्त्यासह, इंटरनेटवर टाकले.

आठवड्याभरात नागपूरहून, पुण्याहून आणि एक तर थेट बेळगावहून, असे एकेचाळीस छांदिष्ट एरियल खांद्यावर घेऊन हजर झाले. आवाज स्वच्छ यावा म्हणून ते तुरीत शिरले. मानीबाईंनी त्यांना माइकवरून हाकलले. त्यांनी ते ध्वनिमुद्रित करून घेतले आणि पोचपत्रे मागितली. पंधरवड्याचा हिशेब असा: रोह्यांनी मोडलेली तूर, शून्य गुंठे; रसिकांनी मोडलेली, साडेतीन.

मानीबाईंनी यंत्र बंद केले. ऐकायला काही नाही म्हटल्यावर छांदिष्ट दोन दिवसांत पांगले. तिसऱ्या दिवशी रोही परत आले.

हे कळल्यावर घनश्यामराव एकटेच तांड्यावर गेले. आयुष्यभर ऐकत आलेल्या माणसाला बोलणे जड जाते. ते मोडक्या तुरीत उभे राहून समोरच्या रोह्याला म्हणाले, "कृपया निघा." रोह्याने शेंग तोडली आणि ती चावत त्यांच्याकडे पाहत राहिला.

मागे मानीबाई हसत होत्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, "लिहिनार नसशीन, तं पुन्हा चालू करतो."

न लिहिता ऐकणे घनश्यामरावांना जमेल की नाही, याची प्रभावतीबाईंना खात्री नव्हती. पण घनश्यामरावांनी वही मानीबाईंच्या बाजेवर ठेवली आणि रिकाम्या हाताने घरी आले. आता दुपारी दोघे नवरा-बायको ऐकतात. काही लिहीत नाहीत. परवान्यासाठी रंजिताने अर्ज केला आहे. 'अपेक्षित श्रोते' या रकान्यात तिने 'चार पायांचे' लिहिल्याने कार्यालयाने खुलासा मागवला आहे.

रेडिओचा काटा ज्यावर लावायचा, तो केंद्राचा आकडा आता बदलला आहे. ही हकिगत आजवर शंभर सुशिक्षित माणसांना सांगून पाहिली. पैकी चौऱ्याण्णवांनी आवाज खाली आणून नवा आकडा विचारला, आणि सहांनी हे मोबाइलवर ऐकता येईल का, असे विचारले.

उरलेली तूर कशी आहे, हे अजून कोणी विचारलेले नाही. (वाचकहो, तुमच्याही मनात आकडाच होता.)