एक वाल विरोधात

घाडीमामांनी कुणाला कधी "काय, बरे आहात ना?" असं विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. समोर माणूस दिसला की त्यांचा एकच सवाल. "आपल्या दर्यातला तेल आपणच काढूचा, की भायरसून आणूचा? तुमचा मत काय ता सांगा!" मुलुंडच्या आमच्या चाळीत नवी सून आली, तिने माप अजून ओलांडलंसुद्धा नव्हतं, की मामा उंबऱ्याशी डबा घेऊन हजर! डॉक्टरांनी सुई टोचली तेव्हाही कळवळण्याऐवजी त्यांनी हेच विचारलं. डॉक्टर बिचारे म्हणाले, "आपणच काढू, पण तुम्ही आधी हात सैल सोडा."

डबा वनस्पती तुपाचा, मोठा. मामांच्या सदऱ्याच्या एका खिशात चिंचोके, दुसऱ्यात वाल. आपणच काढायचं असेल तर डब्यात चिंचोका टाकायचा, नको असेल तर वाल. टाकायचा स्वतःच्या हाताने. 'माहीत नाही' म्हणणाऱ्याची मात्र धडगत नव्हती. "माहीत नाय म्हणजे काय? चूल कशार पेटता तुझी?"

आमच्या सगळ्यांच्याच चुली रॉकेलवर पेटायच्या हो! गॅससाठी नाव नोंदवलेल्यांची मुलं लग्नाला आली, पण गॅस आला नव्हता. त्यामुळे रेशनच्या दुकानासमोर रॉकेलची रांग, आणि त्या रांगेत घाडीमामांचं मतदान केंद्र. गिरणी सुटल्यापासून त्यांना दुसरा उद्योग नव्हता. "थयसर दर्यात तेल उसळता, आणि हयसर आपण कॅन घेवन उभे!" असं ते इतक्या तळमळीने म्हणायचे की पुढचा माणूस मुकाट्याने चिंचोका टाकायचा. एकदा ती तेलविहीर बघायला म्हणून गोराईला गेले. दिवसभर किनाऱ्यावर कपाळाला हात लावून उभे राहिले आणि सुका जवळा घेऊन परत आले. "दिसला नाय," म्हणाले. "पण आसा!"

माझा मात्र त्यांच्याशी उभा दावा. मी तेव्हा वीस वर्षांची, टेलिफोन खात्यात नुकतीच चिकटलेली, नाकाच्या शेंड्यावर राग. एके दिवशी रांगेत मी मोठ्या ऐटीत चिंचोक्यासाठी हात पुढे केला. मामांनी माझ्याकडे वरून खाली बघितलं. "एकवीस पुरी झाली की ये गो, शैले. अजून तू मतदार नाय."

चारचौघांत! सगळी रांग फिदीफिदी हसली. पगार माझा, कॅन माझा, तंगड्या माझ्या मोडतायत, आणि मत नाही? मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, याची आणखी चीड.

मग निवडणूक आली. एका उमेदवाराची सभा रेशनच्या दुकानासमोरच ठरली. मामांना तर आकाश ठेंगणं झालं. स्टेजवर चढायचं, डबा साहेबांपुढे ठेवायचा आणि इतक्या वर्षांचं लोकांचं मत दिल्लीपर्यंत पोचवायचं वचन घ्यायचं! साहेबांचा कार्यकर्ता बंड्या आमच्याच चाळीतला. त्याने मामांना स्टेजवर पाच मिनिटं कबूल केली आणि सभेच्या दिवशी सकाळी डबा तपासायला आला. मामांनी तो वर्तमानपत्रावर पालथा केला. चिंचोकेच चिंचोके, आणि मधोमध एक वाल.

"हा काढून टाका ना यार मामा," बंड्या म्हणाला. "साहेबांना 'एकमताने' म्हणायला झकास वाटेल. एका वालाचं काय बिरडं करणार आहात?"

"मत आसा ता."

"पण कुणाचं?"

"मतदान गुप्त असता." रांगेत सगळ्यांसमोर पडलेली मतं आता एकाएकी गुप्त झाली!

"मग स्टेज विसरा," बंड्या म्हणाला आणि तरातरा निघून गेला.

मी दारातून बघत होते. मामांचा चेहरा एवढासा झाला होता. त्यांनी ओंजळीओंजळीने चिंचोके परत भरले, सगळ्यांत वर तो वाल ठेवला आणि झाकण लावलं. म्हाताऱ्याचा हट्ट तरी केवढा, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना चार शिव्या घातल्या.

संध्याकाळी चौक गच्च भरला. दुकानापुढची रॉकेलची रांगही तशीच उभी होती, आणि तिच्यात कॅन घेऊन मी. साहेब रंगात आले. "देशी तेलाच्या बाबतीत मुलुंडची जनता एकमुखाने..."

"एकमत नाय!"

बघते तर मामा रॉकेलच्या पालथ्या डब्यावर चढलेले, डोक्यावर स्वतःचा डबा. "एक मत विरोधात आसा! तेका उत्तर द्या!"

दोन कार्यकर्ते त्यांना खाली ओढायला धावले आणि माझं डोकंच फिरलं. "बोलू द्या त्यांना!" मी ओरडले. हातातला कॅन बडवायला लागले. शेजारच्या बायांनी बडवला, मग सगळ्या रांगेने. असा दणदणाट झाला की साहेबांना माइक ऐकू येईना. त्यांनी हात वर केला. "बोला, काका."

मामांनी डबा डोक्यावरून खाली घेतला. "समुद्रात भोकां पाडून तेल सांडला, तर बांगडो खय जातलो? आणि बांगडो गेलो, तर मासेमार काय खातले?"

साहेब पाणी प्यायले. "खरं सांगतो," ते म्हणाले, "बांगड्याचा विचार मी कधी केलाच नव्हता. तेल आपण काढायलाच हवं. पण मासेमारांचं काय, हे दिल्लीत मी पहिल्यांदा विचारीन. लिहून घ्या रे कुणीतरी!"

काय सांगू तो जल्लोष! साहेब खाली उतरले, स्वतःच्या हाताने चिंचोका टाकून गेले. मामांना लोकांनी डब्यासकट खांद्यावर घेतलं, आणि पहिला खांदा कुणाचा, तर बंड्याचा! चाळीच्या गॅलऱ्यांतून बाया ओरडत होत्या, "घाडीमामांचा विजय असो!" आणि मामा वरून हात जोडत होते, जणू तेच निवडून आले.

गर्दी पांगल्यावर मी त्यांना चहा नेऊन दिला. राहवेना म्हणून विचारलं, "मामा, तो वाल कुणाचा?"

त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. "तुझ्या मामीचा."

मामी जाऊन तीन वर्षं झाली होती. "पण मामा, मामी तर..."

"यादीत नाव आसा अजून. नाव आसा, म्हणजे मत आसा." त्यांनी चहा बशीत ओतला. "देवगडची ती. तिचे भाव होडयेर मासे पकडूक जाणारे. पयला मत मी तिचाच घेतलंय. तिना ह्याच विचारल्यान, आणि मी हसलंय गो. खो खो हसलंय. उत्तर काय देवक नाय." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "आज तिका कोणीतरी उत्तर दिल्यान."

मला रडू आवरेना. आणि सकाळी मी यांना मनातून शिव्या घातल्या होत्या!

दोन महिन्यांनी, सकाळी मी वेणी घालत होते, तोच दारात डबा वाजला. माझा वाढदिवस घरात आईशिवाय कुणाच्या लक्षात नव्हता. "एकवीस पुरी झाली मां?" मामांनी दोन्ही खिसे माझ्यापुढे उघडे धरले. "तुमचा मत काय ता सांगा!"

मी चिंचोका उचलला. पण डब्यात टाकण्याआधी मामींचा वाल अलगद वर काढला, माझा चिंचोका खाली घातला आणि वाल परत सगळ्यांच्या वर ठेवला.