जोडीतला डावा

शुक्रवारी सकाळी आठ वाजता लाकडी जमीन घासणारी माणसे येणार होती आणि पावणेआठला लायल पेंगेली मास्तर दिवाणखान्यात गुडघे टेकून उजव्या स्पीकरला चादर गुंडाळत होते. डाव्याला, मागे लोंबणाऱ्या तारेसकट, गुंडाळून झाली होती.

"दुपट्यात बाळ गुंडाळल्यासारखं काय चाललंय?" नोएलीनबाई दारातून म्हणाल्या. "आपल्या दोन्ही मुलांना कधी असं गुंडाळलं नाहीस."

"मुलं तेहतीस किलोची नव्हती," मास्तर म्हणाले.

हे स्पीकर मास्तरांनी अडतीस वर्षांपूर्वी घेतले होते. कमरेइतके उंच, अक्रोडी लाकडाचे, पुढे तपकिरी कापड. त्यांच्यावर फुलदाणी ठेवायची नाही, त्यांना नातवंडांनी टेकायचे नाही, खोलीतले दुसरे काहीही हलले तरी त्यांनी हलायचे नाही. दोन स्पीकर आणि मास्तरांची खुर्ची मिळून समभुज त्रिकोण व्हायचा. खुर्चीची जागा गालिच्यावर चिकटपट्टीची फुली मारून पक्की केली होती. त्रिकोणाला चौथा कोपरा नसतो, त्यामुळे त्या खोलीत दुसरी खुर्ची कुठे ठेवावी हा प्रश्न कधी निघालाच नाही.

मास्तरांनी एकतीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवले होते. निवृत्त झाल्यावर विद्यार्थी सुटले, पण शिकवणे सुटले नाही. किटली उकळायला लागली तरी वाफ कशी होते ते नोएलीनबाईंना ऐकावे लागे.

मास्तरांचे गॅरेज घरातल्या बाकीच्या सामानाने भरले होते, म्हणून जमीन घासली जाईपर्यंत स्पीकर समोरच्या टाकिसच्या गॅरेजमध्ये ठेवायचे ठरले होते. मास्तरांनी डावा ढकलगाडीवर घेतला, फाटकाबाहेर आणला आणि फुटपाथपलीकडच्या गवताच्या पट्टीवर उतरवला, कारण फुटपाथच्या कडेवरून गाडी रस्त्यावर उतरवायला दुसरा माणूस लागणार होता. मग ते टाकिसला बोलवायला गेले.

टाकिस सत्तरीचा ग्रीक गृहस्थ. त्याच्या घरी गेलेला माणूस कॉफी न पिता परत आला असे कधी घडले नव्हते. कॉफीबरोबर बिस्किटे आली, बिस्किटांबरोबर टाकिसच्या गुडघ्याची हकिगत आली. वीस मिनिटांनी दोघे बाहेर आले, तेव्हा गवतावर फक्त चादर होती. व्यवस्थित चौकोनी घडी घालून ठेवलेली.

"चोर सभ्य दिसतोय," टाकिस म्हणाला.

पण तो चोर नव्हता, हे दोघांनाही कळत होते. नगरपालिका जुने सामान उचलते तो हा आठवडा होता. सगळ्या गल्लीने आपापल्या घरासमोरच्या गवतावर गाद्या, टेबले, मोडके पंखे काढून ठेवले होते. सोमवारी सकाळी ट्रक येणार आणि तोपर्यंत ज्याला जे हवे ते त्याने न्यावे, अशी रीत. मास्तरांचा स्पीकर शेजाऱ्याच्या गादीपासून दोन हातांवर उभा होता.

"गल्लीत विचारून बघू या," मास्तर म्हणाले.

"विचारून?" टाकिसने भुवया उंचावल्या. "मास्तर, चार वर्षांपूर्वी माझ्या पोरानं चुकून माझी शिडी बाहेर ठेवली. चांगली अॅल्युमिनियमची. ती कोणी नेली?"

मास्तर चादरीची घडी उलगडून पुन्हा घालू लागले.

"आणि मी मागायला आलो तेव्हा काय म्हणालास? 'टाकिस, नियम हा नियम. गवतावर आलं की मालकी संपली. उद्या प्रत्येक जण परत मागायला लागला तर या रीतीला अर्थ काय राहील?' अर्धा तास समजावून सांगितलंस. मला पटलंसुद्धा."

शिडी अजून मास्तरांच्या गॅरेजमध्ये होती. त्यांनी त्या दिवशी प्रथमच तिच्याकडे पाहायचे टाळले.

घरी नोएलीनबाईंनी सगळे ऐकून घेतले. त्या हसल्या नाहीत, म्हणून मास्तरांना जास्तच भीती वाटली.

"एकट्याचा काही उपयोग असतो का रे?" त्यांनी विचारले.

"नाही. दोन कानांसाठी दोन लागतात. बघ, आवाज जेव्हा..."

"मग सोमवारी ट्रक येतोय. तोपर्यंत डावा सापडला तर दोघं परत खोलीत. नाही सापडला तर उजवाही गवतावर. एक पाय असलेला माणूस खोलीत उभा करून ठेवल्यासारखं मला नकोय."

मास्तरांना हे मान्य करावे लागले. त्यात तर्कशास्त्राची चूक नव्हती.

रात्रभर विचार करून त्यांनी एक प्रयोग आखला. ज्याने डावा नेला त्यालाही एकट्याचा उपयोग नाही. म्हणजे तो जोडीदार शोधत असणार. म्हणजे उजवा गवतावर ठेवला तर तो आपण होऊन येणार. आला की त्याला सभ्यपणे सगळे समजावून सांगायचे.

शनिवारी सकाळी उजवा स्पीकर गवतावर उभा राहिला आणि मास्तर पेपर घेऊन ओसरीत बसले.

दहा मिनिटांत पहिले गिऱ्हाईक आले. छोटा ट्रक चालवणारा, हातावर गोंदलेला माणूस. त्याने स्पीकरवर टकटक केली. मास्तर चपला घालत धावले.

"चालतो का हो हा?"

आता खोटे बोलायचे तर मास्तरांना ते जमत नव्हते. उभ्या आयुष्यात त्यांनी मुलांना खरे बोलायला शिकवले होते. ते जरा थांबून म्हणाले, "हे बघ, आतून पोकळ आहे."

"पोकळ?"

"बहुतेक सगळी हवाच आहे. कडेचं रबर दोनदा बदलावं लागलंय. आणि यातून गेल्या चोवीस तासांत एकही आवाज निघालेला नाही."

"मग राहू दे," म्हणून तो माणूस गेला. मास्तरांनी एकही शब्द खोटा वापरला नव्हता, तरी त्यांना स्पीकरच्या नजरेला नजर देता येईना.

त्यानंतर एक बाई आल्या. त्यांना कुंडी ठेवायला उंच काहीतरी हवे होते. लाकडात पाणी झिरपले की ते कसे फुगते, हे मास्तरांनी त्यांना सांगितले. मग एक तरुण जोडपे आले. हा सत्तर-ऐंशीच्या दशकातला नमुना असून असे आता मिळत नाहीत, असे त्यातला मुलगाच मुलीला सांगू लागला, तेव्हा मास्तरांना त्याला मिठी मारावीशी वाटली. पण ते म्हणाले, "न मिळायला कारण असतं बाळा. तेव्हाच्या मानानं आता विज्ञान फार पुढं गेलंय."

नोएलीनबाई चहा घेऊन ओसरीत आल्या. "अडतीस वर्षं मी जे बोलायचं टाळलं," त्या म्हणाल्या, "ते तू एका सकाळी सगळं बोललास."

अकराच्या सुमारास कोपऱ्यावरून सुपरमार्केटची ट्रॉली खडखडत आली. ट्रॉली ढकलणारी तिशीची, सामोआ बेटांवरची धिप्पाड मुलगी होती. एकतीस नंबरच्या भाड्याच्या घरात राहायला आलेली लोसा. स्पीकर दिसताच तिने ट्रॉली सोडून दोन्ही हात गालांवर ठेवले.

"अगं बाई, आला की जोडीदार! कालपासून देवाला सांगत होते!"

मास्तर फाटकाबाहेर पोचेपर्यंत तिने स्पीकर कवेत घेऊन उचललाही होता. तेहतीस किलो, एकटीने.

"थांब, थांब! तो माझा आहे. कालचाही माझाच. चुकून बाहेर राहिला होता."

लोसाने स्पीकर ट्रॉलीत ठेवला आणि वळून अदबीने विचारले, "माफ करा अंकल. पण हा आत्ता कुणी ठेवला इथं?"

"मीच."

"गवतावर?"

"गवतावर, पण तो प्रयोग होता. तू यावीस म्हणून ठेवला होता."

"मग आले की मी," लोसा म्हणाली.

रस्त्यापलीकडे टाकिस आपल्या फाटकाला रेलून उभा होता. तो कधीपासून उभा होता कोण जाणे. "पोरी, तू घाबरू नकोस," तो ओरडला. "नियम हा नियम. गवतावर आलं की मालकी संपली. या गल्लीत हे ज्यानं सर्वांना शिकवलं, तो तुझ्या समोरच उभा आहे!"

मास्तरांनी मनातल्या मनात सगळी मांडणी पुन्हा तपासली. प्रयोग यशस्वी झाला होता. डावा कोणाकडे आहे ते कळले होते. फक्त आता उजवाही तिचा झाला होता.

"ट्रॉली उताराला लागली की धर," ते शेवटी म्हणाले. "मी मागून धरतो. पडायला नको."

लोसाच्या खोलीत फारसे सामान नव्हते. विणलेल्या चटया, कोपऱ्यात गिटार आणि भिंतीशी डावा स्पीकर. ती आपल्या चर्चमध्ये दर रविवारी माइक आणि स्पीकर जोडण्याचे काम करी. दर गुरुवारी भजनाची तालीम तिच्या घरी होई. मास्तर निघणारच होते, पण तिने उजवा स्पीकर कोपऱ्यात कोंबलेला त्यांना पाहवेना. त्यांनी मोजायची टेप मागितली, अंतरे मोजली, दोन्ही स्पीकर किंचित आत वळवले. लोसाने तारा जोडल्या आणि फोनवरून आपल्या चर्चच्या भजनाचे रेकॉर्डिंग लावले.

मास्तर चटकन मागे वळले. बायकांचे आवाज वर होते आणि त्यांच्याखाली पुरुषांचा खर्ज होता. भरीव, गोल, पोटात जाणवणारा. खोलीच्या मधोमध, जिथे काहीच नव्हते तिथे, चाळीस माणसे उभी होती.

"तू यात काय बदललंस?" त्यांनी विचारले.

"मी काही नाही. तार सरळ केली फक्त." लोसाने स्पीकरमागून वेटोळे वर काढले. "ही तुमची जुनी तार. पट्टीवाली बाजू उजव्याला लाल भोकात आहे. डाव्याला काळ्यात होती. मुद्दाम तसं लावलं होतं का अंकल?"

मास्तर खाली चटईवर बसले. हा धडा त्यांनी एकतीस वर्षे शिकवला होता. दोन माणसे एकच दार दोन बाजूंनी ढकलत असली, तर दार हलत नाही. एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हाच दुसऱ्याचा मागे गेला, तर खर्ज दोघांच्या मध्ये मरतो. गाणारा माणूस समोर उभा न राहता भिंतीभर पसरतो. वर्गात ते यासाठी दोन मुलांना फळ्याजवळ उभे करत आणि सगळा वर्ग हसे.

अडतीस वर्षे. आणि त्यांना वाटत होते, या स्पीकरांचा खर्ज संयमी आहे. पाहुण्यांना त्यांनी हाच शब्द सांगितला होता.

लोसा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. "अंकल, तुम्ही घेऊन जा दोन्ही. मी दुसरं काहीतरी बघीन."

"नको," मास्तर म्हणाले. "मी उद्या येऊ का? घरच्यांना घेऊन?"

घरापर्यंतच्या दोनशे पावलांत, हे नोएलीनला सांगावे की नाही, याचा विचार त्यांनी केला. न सांगितले तर कुणालाही कधीही कळणार नव्हते. पण संगीत लागले की ती उठून स्वयंपाकघरात जाई, हे त्यांना आता नव्याने दिसत होते. सुरुवातीच्या वर्षी ती म्हणाली होती, गाणारा कुठे आहे तेच समजत नाही, गरगरल्यासारखे होते. तेव्हा त्यांनी कागदावर कानाची आकृती काढून तिला समजावले होते, की ऐकायलाही शिकावे लागते.

त्यांनी सगळे सांगितले. नोएलीनबाई बटाटे सोलत होत्या.

"म्हणजे माझ्या कानात काही खोट नव्हती."

"नाही."

"तारेत होती."

"तारेत नाही. मी लावली, त्यात होती."

नोएलीनबाईंनी हातातला बटाटा पूर्ण सोलून पातेल्यात टाकला. मग म्हणाल्या, "उद्या किती वाजता जायचंय?"

रविवारी चर्च सुटल्यावर लोसाने दोघांना चटईवर पाहुण्यांच्या जागी बसवले आणि नारळाच्या दुधात भाजलेले गोड बन पुढे ठेवले. मास्तरांनी आपल्या सर्वांत आवडत्या चेलोवादनाचे नाव सांगितले. सूर निघाले. चेलो वाजवणारी बाई अगदी समोर, हाताच्या अंतरावर येऊन बसली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी हळूच बायकोकडे पाहिले.

"आता कळलं ती कुठं बसलीय ते," नोएलीनबाई म्हणाल्या.

"आणि?"

"आणि कधी उठणार ते कळत नाहीये. फारच कंटाळवाणं आहे रे हे, लायल."

लोसा खो खो हसली. "आंटी, स्पीकर आता माझे आहेत. तुम्ही सांगा, काय लावू? तुम्हाला काय आवडतं?"

बायकोच्या वतीने उत्तर द्यायला मास्तरांनी सवयीने तोंड उघडले. ते तसेच उघडे राहिले. उत्तर त्यांना माहीत नव्हते.

नोएलीनबाईंनी हातातला बन खाली ठेवला. "पितळी बँड," त्या म्हणाल्या. "कोळशाच्या खाणीवरचा. आमच्या गावी रविवारी वाजायचा. माझे बाबा ट्युबा वाजवायचे. ते सगळ्यात मोठं वाद्य, ज्याचं फक्त पोटात ऐकू येतं, ते."

"हे तू कधी सांगितलं नाहीस," मास्तर म्हणाले.

"तुझ्या स्पीकरांवर एकदा लावून बघितलं होतं मी. तू शाळेत गेला होतास तेव्हा. बाबा कुठेच ऐकू आले नाहीत." त्यांनी बनचा तुकडा मोडला. "मला वाटलं, मीच विसरले असेन ते कसे वाजवायचे."

लोसाला फोनवर तसल्याच कुठल्याशा खाणीच्या बँडचे जुने रेकॉर्डिंग सापडले. तुतारीसारखे आवाज पुढे धावले. मग त्यांच्याखालून ट्युबा आला, हळू, जड पावलांनी, आणि खिडकीची काच गुणगुणली. नोएलीनबाईंनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर काय आले ते मास्तरांनी पूर्वी पाहिले नव्हते. ते नकळत उठून उभे राहिले.

"आंटी, मी खरंच सांगते, घेऊन जा हो दोन्ही," लोसा हळूच म्हणाली.

"नको गं. जमीन नुकतीच घासून घेतलीय." नोएलीनबाईंनी डोळे न उघडताच शेजारची चटई थोपटली. "बस ना, लायल. आणि हे असं का होतंय ते समजावून सांगू नकोस."

मास्तर बसले. ट्युबाचा सूर जमिनीतून त्यांच्या तळहातापर्यंत चढत आला. तो तसा का येतो, याचे कारण त्यांना अगदी पक्के ठाऊक होते. ते गप्प राहिले.