गणूकाकांचे ग्रीक देव

मेदुसा नावाच्या ग्रीक बाईच्या डोक्यावर केसांऐवजी साप असतात, हे आमच्या किन्हवली गावाला कळलं ते गणूकाकांनी शेजारणीच्या मांडवावरची पडवळं तोडून स्वतःच्या डोक्याला बांधली तेव्हा. शेजारीण तणतणत आली.

"माझ्या डोळ्यांत बघू नको गो, दगड होशील!" काका म्हणाले.

"दगडच घालते तुमच्या टाळक्यात!"

काकांनी हे भांडणसुद्धा सिनेमात ठेवलं.

काका भातगिरणीवाले. रद्दीत ग्रीक पुराणकथांचं मराठी पुस्तक सापडलं, आणि गिरण मुलाच्या गळ्यात घालून हे मोबाइलवर सिनेमे काढायला लागले. सगळे विनोदी, दर पाच मिनिटांनी गाणं. त्यांचा झ्यूस ट्रॅक्टरवर उभा राहून विजा फेकतो आणि बायको दिसली की ट्रॅक्टरखाली लपतो. "देव झाला म्हणून काय, संसार कुणाला चुकलाय?" हे काकांचं पालुपद.

या सिनेमांचा गायक मी. पण गेल्या वर्षी माझी बायको सुमन गेली आणि माझं गाणं सुटलं, बोलणंही. काका रोज ओट्यावर येऊन बसायचे. तीन महिन्यांनी एकदा म्हणाले, "नवीन सिनेमा हाय. एक गवई मेलेल्या बायकोला आणायला पाताळात जातो. गाऊन गाऊन यमाला पाघळवतो. अट एकच, वाटेत मागं बघायचं नाय. बघितलं तर ती गायब."

माझं डोकंच फिरलं. "काका, थट्टेला मीच सापडलो?"

"गाशील का, तेवढं सांग."

का कोण जाणे, मी उठलो.

बायकोच्या कामाला कोणी बाई तयार होईना. मग काकांनीच काकूंचं लुगडं नेसलं, मिशीसकट. सिद्धगडाच्या पायथ्याची पायवाट. मोबाइल काकूंच्या हातात. पुढे मी गात होतो, "रेड्या रे रेड्या, सरक जरा, बायकोला माझ्या जाऊ दे घरा." मागे काकांच्या बांगड्या वाजत होत्या.

सुमनला पोचवून स्मशानातून परतताना सगळ्यांनी बजावलं होतं, मागं बघू नको. मी बघितलं नव्हतं. तेच आत सलत होतं. चौथ्या कडव्याला वळायचं ठरलेलं, मी दुसऱ्यालाच वळलो.

आता काकांनी करवंदीच्या जाळीमागे लपायचं होतं. पण ते जागचे हलले नाहीत. डोक्यावर पदर, डोळे भरलेले.

"काका, गायब व्हा ना."

"नाय होत जा. त्या दिवशी तुझी मान दोनदा वळली, अन् दोन्ही येळा मीच धरली. चुकलं रे माझं. आता बघ, पोटभर बघ."

मी बघितलं, आणि सुमन गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडलो. काकूंनी मोबाइल खाली केला. गणूकाका, तुमचं ते लुगड्यातलं ध्यान मी जन्मात विसरणार नाही.