अंबूबाईचे गरम पाय

"विजेचं एकबी बटण न दाबता आईचे पाय गरम ठेवून दाखवतो, न्हाईतर मिशी उतरवतो," असं रखमाजी फोनवर बोलून बसला. बोलला तेही अंगणात उभा राहून, आणि अशा आवाजात की हातात फोन नसता तरी पुण्यात ऐकू गेलं असतं. निम्म्या पाली गावानं ऐकलं, ते तर धरूनच चाला.

पलीकडं त्याची धाकटी बहीण फुलाबाई होती. तीस वर्षं झाली, ती धनकवडीत राहते. दिवाळीला येताना तिनं आईसाठी हिटर आणला होता. समोर बसलं की गुडघे भाजावेत आणि पाठ मात्र गारच राहावी, असा तो हिटर. रखमाजीनं तो महिनाभर इमानानं लावला. मग बिल आलं. एरवी सहाशेच्या आत राहणारं बिल चार हजारांच्या पुढं गेलेलं बघून तो आधी बिलाकडं बघत राहिला, मग मीटरकडं, मग हिटरकडं. दुसऱ्या दिवशी हिटर पोत्यात घालून माळ्यावर गेला.

पण थंडीला बिलाचं काय! राजगडाच्या अंगाखालचं गाव, ऊन उशिरा येणार आणि लवकर जाणार. त्यात रखमाजीचं घर पत्र्याचं. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये चार बोटं फट, वारा तिथून घरच्यासारखा आत येतो. चौऱ्याऐंशी वर्षांची अंबूबाई खाटेवर तीन गोधड्या घेऊन झोपायची आणि सकाळी उठून म्हणायची, "रखमा, पाय हायत का रं माजे? बघ बरं. मला तर लागंनात." हेच ती एकदा लेकीला फोनवर म्हणाली आणि भडका उडाला.

"दादा, परवडत नसेल तर तसं सांग," फुलाबाई म्हणाली. "रविवारी येते आणि आईला घेऊन जाते. माझ्याकडं गरम तरी राहील."

'परवडत नसेल' हे रखमाजीला झोंबलंच. पण 'घेऊन जाते' हे त्याहून खोल गेलं. साठीला टेकलेला माणूस, पण रानातून आला की चपला काढायच्या आधी आईला हाक मारणारा. ती हाक मारायची आणि आतून ओ यायची नाही, हे त्याला नुसतं मनात आणूनही सोसवेना. म्हणून ती पैज. पाय गरम लागले तर आई पालीत, गार लागले तर आई पुण्यात आणि मिशी गोरख न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली.

रविवार उजाडला. बायको मंगल भाच्याच्या साखरपुड्याला सारोळ्याला गेली होती, त्यामुळं "असलं काय करू नका" म्हणणारं घरात कोणी नव्हतं. रखमाजीनं धोतर खोचलं.

पहिला मोर्चा खाटेकडं. खाटेखालनं वारा फिरतो म्हणून पाय गार पडतात, हे त्यानं शोधून काढलं होतं. त्यानं जमिनीवर भाताच्या पेंढ्याचा गुडघाभर थर घातला, त्यावर घोंगडी टाकली, आणि आईला अलगद उचलून त्यावर ठेवलं.

"आरं, खाली कशापाई घेतूस?" अंबूबाई म्हणाली. "अजून येळ हाय मला."

"गप पड, आई. आत्ता ऊब येती बघ." रिकामी खाट त्यानं अंगणात नेऊन भिंतीला उभी केली.

मग पाणी. गिझरला तर हात लावायचा नव्हता. परसातली न्हाणीची चूल पेंढ्याच्या गंजीला खेटून, तिथं जाळ करायची भीती. मग त्यानं सरळ पुढच्या दारात तीन दगड मांडले, मोठा हंडा चढवला आणि खाली जाळ लावला. गरम पाणी शेकायच्या रबरी पिशवीत भरून पिशवी आईच्या पायाशी सरकवली. म्हातारीनं दोन मिनिटांत डोळे मिटले. या हिवाळ्यात दिवसाउजेडी ती पहिल्यांदाच अशी गाढ झोपली.

दोन गोष्टी राहिल्या. पेंढा म्हातारीच्या मानेला टोचत होता, त्याला खोळ पाहिजे. आणि उंबऱ्याशी निखारे ठेवायला एक मडकं पाहिजे. त्यानं मोटारसायकल काढली. शेजारचा हनुमंत कुंपणापाशी दात घासत उभा होता.

"हनुमंता, जरा लक्ष ठेव," रखमाजी म्हणाला. "वेल्ह्याला जाऊन येतो. आत कुणाला जाऊ दिऊ नको."

हनुमंतानं दारातली चूल बघितली, हंडा बघितला, बाहेर काढलेली खाट बघितली. त्याच्या तोंडातली काडी तशीच राहिली. अशा वेळी विचारायचं नसतं. त्यानं नुसती मान हलवली.

वेल्ह्यात रखमाजीनं आधी मडकं घेतलं, मग ते बगलेत मारून नजीरच्या कापडाच्या दुकानात शिरला.

"पाच मीटर मांजरपाट दे. लवकर फाड. सकाळीच आईला खाली घेतलंय."

नजीरनं मडक्याकडं बघितलं. त्याचा बाप गेला तेव्हा रखमाजी भर पावसात मातीला आला होता, हे तो विसरला नव्हता. त्यानं कापड फाडलं, घडी घातली, वर सुतळीचं एक बंडल ठेवलं.

"पैसे?"

"ऱ्हाऊ द्या, काका. ही काय पैसे घ्यायची येळ हाय?" नजीरनं खिशाकडं गेलेला त्याचा हात धरला. "निघायचं कवा?"

"फुला येऊ दे पुण्यासनं. ती आल्याबगर काय हलायचं न्हाई."

"व्हय, लेकीसाठी थांबायलाच पायजे," नजीर म्हणाला. रखमाजी गेल्यावर त्यानं शटर ओढलं आणि दोन-चार फोन केले. त्यातला एक पुण्याला गेला. असल्या फोनवर खरं कधी सांगत नाहीत. "आईची तब्येत जरा जास्त हाय, असाल तशा निघा," एवढंच तो बोलला. फुलाबाई तर निघालेलीच होती. कात्रजच्या घाटात तिनं जे रडायला सुरुवात केली ती पालीपर्यंत.

इकडं रखमाजी शेवटच्या कामाला लागला होता. पडवीच्या तोंडातनं वारा सरळ आत घुसायचा, तिथं आडोसा बांधायचा होता. त्यानं बांधावरच्या बांबूचे दोन सरळ कळक तोडून आणले, अंगणात शेजारी शेजारी ठेवले आणि आडव्या कामट्या बांधायला बसला. इथं एक सांगायला पाहिजे. पंचक्रोशीत कोणाच्या घरी माणूस गेलं की तिरडी बांधायला रखमाजीलाच बोलावणं येतं. चाळीस वर्षं त्याच्या हातानं ते एकच बांधकाम केलेलं. दोन कळक, सात कामट्या, तीन फूट रुंदी, आणि सुतळीची अशी गाठ की सुटायची नाही. डोकं आडोशाचा विचार करत होतं, हात मात्र आपल्या सवयीनं चालले होते.

एक-एक माणूस अंगणात येऊ लागला. येताना कोणी रामराम केला नाही, कोणी हसलं नाही. टोप्या हातात घेऊन गडी एका बाजूला बसले, तोंडाला पदर लावून बाया दुसऱ्या बाजूला. बघता बघता चाळीसेक माणूस झालं. रखमाजीचा ऊर भरून आला. पैज बघायला अख्खं गाव लोटलं होतं!

"बसा, बसा," तो म्हणाला. "फुला आली की समदं तुमच्या म्होरंच हुईल."

हनुमंत पुढं झाला. "आन हिकडं, म्या धरतो. आज तरी तू ऱ्हाऊ दे."

"कशापाई? माज्या आईचं काम म्याच करणार."

बायांत एक हुंदका फुटला. "थंडीनं नेलं बिचारीला," कोणीतरी पुटपुटलं, पण रखमाजी तेव्हा दातानं सुतळी ओढत होता. खोळ करून उरलेला मांजरपाट त्यानं कामट्यांवर ताणून बसवला. मडक्यात निखारे भरून ते उंबऱ्याशी ठेवलं. तेवढ्यात गोरख न्हावी पेटी घेऊन आला आणि खाली मान घालून एका कडेला बसला. त्याला बघून मात्र रखमाजीला राग आला.

"तुला लई घाई झाली रं? आदी तिला पाय तर बघू दे. मिशीचं मागनं बघू."

"सावकाश, काका," गोरख हळूच म्हणाला. "म्या थांबतो."

रिक्षा थांबल्याचा आवाज आला. फुलाबाई उतरली ती "आई गं!" करतच. तिनं अंगण बघितलं, चूल बघितली, खाट बघितली, आणि पडवीला टेकवून उभं केलेलं ते बघितल्यावर तर ती तिथंच खाली बसली. दोघी बायांनी तिला धरून आत नेलं. पेंढ्यावर, पांढऱ्या कापडावर, हनुवटीपर्यंत पांघरूण घेतलेली अंबूबाई निपचित पडली होती. फुलाबाईनं धाडकन तिच्या पायांवर डोकं टाकलं.

"मला सोडून कशी गं गेलीस... मी न्यायला येणार होते गं... माझी वाट सुद्धा..."

आणि ती मध्येच थांबली. तिनं डोकं उचललं. पायांना एकदा हात लावला. पुन्हा लावला.

"पाय गरम आहेत," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली.

"मग?" रखमाजी दारातनं गरजला. "म्या काय म्हणलो व्हतो? बघा रं समद्यांनी! हारली फुला! गोरख, उचल तुजी पेटी!"

अंबूबाईनं एक डोळा उघडला. "कोण, फुला? पाय सोड गं. गुदगुल्या व्हत्यात. आन ही एवढी माणसं कशाला? कोण गेलं?"

पुढची दोन मिनिटं अंगणात काय गोंधळ झाला ते सांगवत नाही. तीन बाया मागच्या मागं पळाल्या. नजीर खांबाला धरून उभा राहिला. फुलाबाई आईला मिठी मारून आणखीनच रडायला लागली, आणि रडता रडता भावाकडं वळली.

"दादा, ते बाहेर काय बांधलंयस तू?"

"आडोसा. वाऱ्याला."

"नीट बघ."

रखमाजीनं नीट बघितलं. दोन कळक. सात कामट्या. वर पांढरं कापड. समोर निखाऱ्यांचं मडकं. चाळीस वर्षं बांधली, पण उभी केलेली कधी बघितली नव्हती, म्हणून ओळखली नव्हती एवढंच. तो मटकन उंबऱ्यावर बसला. ज्या हातांनी आईला उबेत निजवलं त्याच हातांनी हेही करून बसलो, या विचारानं त्याला भडभडून आलं, आणि तो भर अंगणात लहान पोरासारखा रडला.

त्याला रडताना बघून मात्र हनुमंताला हसू आवरलं नाही, आणि एकदा तो हसल्यावर कोणालाच आवरलं नाही. नजीर डोळे पुसत म्हणाला, "काका, मग आता कापडाचे पैसे द्या बरं का." दारातल्या चुलीवरच चहा झाला. त्या चुलीवरचा पहिला कप घ्यायला कोणी धजेना, तेव्हा तो अंबूबाईनंच मागून घेतला.

"ते काही नाही," चहा संपल्यावर फुलाबाईनं पदर खोचला. "आईला मी आज नेणारच. असल्या घरात नाही ठेवायची."

"म्या कुठंबी येत न्हाई," अंबूबाई कप खाली ठेवत म्हणाली. "हितं माजी समदी तयारी झालीया. रखमा, त्या गाठी सोडू नगं. झ्याक बसल्यात. म्होरं लागंल तवा पुन्ना खर्च नगं."

सगळे हसले. रखमाजी हसला नाही. दमडी दमडी वाचवायला निघालेल्या त्या माणसाला ही एक बचत काही सोसली नाही. तो उठला, माळ्यावर चढला, पोत्यातनं हिटर काढला, आईसमोर ठेवला आणि बटण दाबलं. तारा लाल झाल्या. भिंतीवरच्या मीटरचा दिवा भराभर उघडझाप करायला लागला, पण त्यानं तिकडं बघितलंच नाही.

दोन मिनिटं गेली नसतील. "रखमा, बंद कर ते," अंबूबाई म्हणाली. "हितं माजा घाम निघाला."

फुलाबाईनं आईच्या कपाळाला हात लावला. खरंच घाम होता. तिनं हिटर बंद केला, गार व्हायची वाट बघितली आणि आपल्या पिशवीत भरला. आईला न्यायला आली होती, हिटर घेऊन गेली.

रखमाजीनं छाती पुढं काढून मिशीवर ताव दिला. गोरख मात्र अजून बसलेलाच होता.

"आता काय?"

"काका," गोरखनं पेटी उघडली, "बटण तर दाबलंत न्हवं?"

रखमाजी शब्दाचा पक्का. खाली बसला आणि तोंड पुढं केलं. आई-बाप गेल्यावरच मिशी उतरवायची, अशी इकडची रीत. सोमवारी वेल्ह्यानं रखमाजीला बिनमिशीचं बघितलं, आणि दुपारपर्यंत त्याच्या अंगणात पुन्हा माणसं येऊन बसायला लागली.