गाडी क्रमांक त्रेचाळीस

शेवटच्या शर्यतीत धनपाल मगदूमची गाडी आणि इक्बाल मुजावरची गाडी इतक्या बरोबरीने रेषेवरून गेल्या, की रेषेच्या पलीकडे एकच गाडी निघाली.

कागलच्या पुढे माळावर केलेल्या त्या ट्रॅकवर सकाळी अठरा गाड्या सुटल्या होत्या. दुपारी सतरा मोजल्या गेल्या. वाटेत कुणी थांबलं नव्हतं, कुणी उलटलं नव्हतं. तिथलं वेळ मोजणारं यंत्र सेकंदाचे दहा हजार तुकडे करतं. त्यातला एक तुकडाही या दोघांच्या मधे सापडला नाही.

धनपालची गाडी पिवळी होती, क्रमांक बारा. इक्बालची निळी, क्रमांक एकतीस. निघाली ती हिरवी होती आणि तिच्या दारावर त्रेचाळीस लिहिलेलं होतं. रंग चांगला बसला होता, कुठे ओघळ आला नव्हता. आत एक सीट होती. सीटवर धनपाल होता, आणि त्याच्या डाव्या अंगाला, त्याच सीटवर आणि त्याच पट्ट्यात, इक्बाल होता. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. एका सीटवर दोन ड्रायव्हर मात्र राहतात, फक्त कोपरं कुठे ठेवायची हा प्रश्न येतो.

धनपालच्या मनात पहिला विचार आला तो एवढाच, की आपण हरलो नाही. त्याने इतका मोठा श्वास सोडला की पट्टा सैल झाला आणि इक्बाललाही जरा बरं वाटलं.

त्याला बरं वाटायला कारण होतं. टुरिंग कारच्या अजिंक्यपदात तो सलग तीन वर्षं दुसरा आला होता, आणि तिन्ही वेळा इक्बालच्या मागे. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या गॅरेजवाल्यांनी त्याचं नाव ‘दोन नंबरवाले’ पाडलं होतं. ज्यांना कारण ठाऊक नव्हतं त्यांचा भलताच समज व्हायचा आणि ते त्याच्याशी जपून बोलायचे. यंदा शेवटच्या शर्यतीआधी दोघांचेही दोनशे चौदा गुण होते. जो पुढे येईल तो विजेता. त्यात धनपाल येत्या श्रावणात अठ्ठेचाळीस पुरे करणार होता, आणि नियमाप्रमाणे अठ्ठेचाळीस पुरे झाले की परवाना संपतो. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. सकाळी निघताना बायकोने, पद्माने, हातावर दही ठेवलं तेव्हा तो तिला म्हणाला होता, “आज दुसरा आलो तर मी फोन करणार न्हाई. न केलेल्या फोनावरनं काय ते समजून घे.”

गाडी हळूहळू आवारात आली. ॲक्सिलरेटरवर पाय धनपालचा होता, ब्रेकवर इक्बालचा. गाडी थांबवायची वेळ आली तेव्हा इक्बालने थांबवली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. गेली नऊ वर्षं ते एकमेकांकडे पाहत नव्हते, आणि आता तर पाहायला जागाही नव्हती.

“अण्णा,” इक्बाल समोर बघत म्हणाला, “तुमचं कोपर लागालंय.”

नऊ वर्षांनंतर तो धनपालशी बोलला ते हे वाक्य.

“कुठं?”

“खांद्याला. मोडला हुता तिथंच.”

धनपालने कोपर पोटाशी घेतलं.

मुख्य पंच वसुंधरा देशिंगकर हातात फाईल घेऊन आल्या. बाईंची चौतीस वर्षं जमिनींच्या मोजणीत गेली होती आणि हद्दीच्या भांडणांना त्या सरावलेल्या होत्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दारावरचा आकडा टिपून घेतला आणि खिडकीतून आत पाहिलं.

“गाडी समाईक दिसते,” त्या म्हणाल्या. “दोन्ही खातेदार हजर आहेत का?”

“हाय,” धनपाल म्हणाला.

“हाय की,” इक्बाल म्हणाला.

“वजन करून घेतलं. एका गाडीचं आणि दोन माणसांचं भरलं. दुसऱ्या गाडीच्या वजनाचं काय झालं ते कलमात विचारलेलं नाही, म्हणून मीही विचारत नाही.”

“मॅडम, उतरू का?” इक्बालने विचारलं.

“निकाल लागेपर्यंत चालकाने गाडी सोडायची नाही. कलम अठरा.”

तेवढ्यात तिसरा आलेला सारंग पेंडसे पुण्याहून आणलेलं नियमांचं पुस्तक घेऊन पोचला. तो सभ्य माणूस होता आणि हरकतसुद्धा नमस्कार करून घ्यायचा.

“मॅडम, पुढे एकच गाडी आहे. म्हणजे मी दुसरा. एवढी नोंद व्हावी.”

“गाड्या एक, चालक दोन. क्रमांक चालकाला मिळतो. तुम्ही तिसरे. बसा.”

पेंडसे बसला.

देशिंगकर बाईंनी फाईलमधून दोन छापील कागद काढले. “हा नमुना नऊ. तुमच्यापैकी एकाने लिहून द्यायचं, की मी एक सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाने मागे होतो. तेवढ्याने हद्द पडते. हद्द पडली की गाड्या आपोआप वेगळ्या होतात.”

“याआधी कुणाच्या झाल्यात?” धनपालने विचारलं.

“नाहीत. पण कलम आहे, म्हणजे कुणीतरी विचार केलेला आहे.”

“आणि कुणीच लिवून दिलं न्हाई तर?”

“मग निकाल तहकूब. पुढच्या मोसमात पहिल्या शर्यतीआधी तुम्हा दोघांची एक फेरी वेगळी घेऊ. चार वाजेपर्यंत कागद द्या.” त्यांनी एक कागद उजव्या खिडकीतून दिला, एक डाव्या, आणि त्या चहाला गेल्या.

धनपालने कागद उलटसुलट करून पाहिला. पुढच्या मोसमात त्याचा परवाना नसणार, म्हणजे इक्बाल एकटाच पळणार आणि एकटा पळून पहिला येणार. कागद इक्बालने भरला तर मात्र धनपाल आजच विजेता. नुसता दहा हजारावा भाग! चिमटीत धरू म्हटलं तरी सापडणार नाही एवढासा. पण तो इक्बाल कशाला देईल, आणि का द्यावा?

सव्वातीन झाले. गाडीत उकाडा मी म्हणत होता. इक्बालने काच थोडी खाली घेतली, आणि त्यासाठी धनपालला पाय आखडावा लागला.

“येक इचारू?” धनपाल म्हणाला. “शेवटच्या वळणावर मला जागा का सोडलीस? अंग घातलं असतंस तर मी भिंतीत गेलो असतो.”

“तुमी आधी सांगा. त्याच्या आधीच्या वळणावर मागनं दणका का दिला न्हाईसा? मी दात आवळून बसलो हुतो. म्हटलं, आता देणार.”

टुरिंग कारमधे असा दणका देण्याची रीत आहे. पुढच्याच्या मागच्या कोपऱ्याला आपल्या गाडीचं नाक हलकेच लावायचं, तो घसरतो, आपण निघून जायचं. सगळे लावतात, आणि सगळे म्हणतात की आपण लावलं नाही. नऊ वर्षांपूर्वी धनपालने लावलं होतं ते हलकेच नव्हतं. इक्बालची गाडी तीनदा उलटली आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. त्या दिवसापर्यंत दोघांचं एकच गॅरेज होतं, एकच पान्ह्यांची पेटी होती, आणि दुपारी एकाच कट्ट्यावर डबे उघडत.

“न्हाई जमलं,” धनपाल म्हणाला. “पाय पुढंच जाईना.”

इक्बालने स्टिअरिंगवर हात ठेवला. मग म्हणाला, “माझ्या भनीच्या निकाहाला का आला न्हाईसा?”

त्या अपघातानंतर आठच दिवसांनी तो निकाह होता. हात गळ्यात बांधलेला असताना इक्बालने एका हाताने पाहुण्यांना वाढलं होतं. धनपालने हे लोकांकडून ऐकलं होतं.

“लाज वाटली,” तो म्हणाला. “तुझा त्यो बांधलेला हात कुठल्या तोंडानं बघू?”

“आणि मी समजलो ताठा.” इक्बालने स्टिअरिंगवरचा हात काढला. “तुमच्यासाठी येगळं शिजवलं हुतं, अण्णा. बिनकांद्याचं, बिनलसणाचं. आमच्या खालानं त्याच्यासाठी भांडी नवी आणली हुती. मी चारदा दारापर्यंत जाऊन आलो. शेवटी खाला म्हणाली, झाकून ठेव, येतील. सांज झाली तरी झाकलेलंच ऱ्हायलं.”

धनपालला डोळे पुसायचे होते, पण त्याचा उजवा हात दाराकडे दाबला गेला होता आणि डावा पट्ट्यात अडकला होता. इक्बालने आपल्या हातमोज्याने त्याचे डोळे पुसले. मग त्याच हातमोज्याने स्वतःचेही पुसले. बाहेर पेंडसे बसला होता, त्याने सभ्यपणाने मान वळवली.

चारला दहा मिनिटं असताना धनपालने कसेबसे हात सोडवून कागद गुडघ्यावर घेतला. त्याचं मन आता अगदी स्वच्छ झालं होतं. इक्बालने जागा सोडली नसती तर आपण भिंतीत असतो. मग आपण मागेच की! इतकं सरळ गणित तीन वर्षांत कधी सुटलं नव्हतं. त्याने परीक्षेतल्या पोरासारखी कागदावर हाताचा आडोसा धरला आणि लिहिलं: ‘मी एक सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाने मागे होतो.’ खाली सही केली. दुसरा तर दुसरा. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्याला झालं. फोन करायचा नाही, एवढंच काय ते दुःख.

शेजारी इक्बालही काहीतरी लिहीत होता. न लिहिल्याचा खुलासाही लेखी द्यावा लागत असेल, असं धनपालला वाटलं.

देशिंगकर बाई आल्या. त्यांनी एका खिडकीतून एक कागद घेतला, दुसरीतून दुसरा, आणि दोन्ही वाचले. मग चष्मा पुसून पुन्हा वाचले.

“दोघांनीही मागे असल्याचं मान्य केलेलं आहे,” त्या म्हणाल्या.

“तू का लिवलंस?” धनपाल ओरडला.

“तुमी दणका दिला असतासा तर मी शेतात असतो! मी मागंच की. तुमी का लिवलंसा?”

“भांडण निकालानंतर,” बाई म्हणाल्या. त्यांनी बॉनेटवर फाईल ठेवली आणि उभ्यानेच हिशोब मांडला. दोघे दहा हजाराव्या भागाने मागे. म्हणजे दोघे दुसरे. ज्याच्या मागे आहेत त्याचं नाव कुठल्याच कागदात नाही. म्हणजे पहिला क्रमांक रिक्त.

पेंडसे पुस्तक उघडून उभा राहिला. “मॅडम, पहिली जागा रिक्त असेल तर ज्येष्ठतेनुसार…”

“रिक्त जागेवर बढती द्यायची तरतूद नाही, पेंडसे. जागा भरायची तर जाहिरात काढावी लागेल.”

“तसं असेल तर माझं काही म्हणणं नाही,” पेंडसे म्हणाला आणि पुस्तक मिटलं.

निकाल लागला तसा पट्टा उघडला. दोघे आपापल्या दाराने उतरले आणि गाडीकडे बघत उभे राहिले. गाडी एकच राहिली होती. दोघे मागे होते खरे, पण सारखेच मागे होते. त्यामुळे हद्द पडली नव्हती.

बक्षीस समारंभ पाच वाजता झाला. पहिल्या पायरीवर कुणी नव्हतं. हार पहिल्यासाठी आणलेला होता, तो पाहुण्यांनी वाकून त्या पायरीवर ठेवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी पायरी अरुंद होती. धनपाल आणि इक्बाल तिच्यावर एकमेकांच्या कमरेत हात घालून उभे राहिले, नाहीतर एकजण पडला असता. तिसऱ्या पायरीवर पेंडसेला मात्र ऐसपैस जागा होती.

खाली उतरल्यावर देशिंगकर बाईंनी दोघांना बाजूला बोलावलं. “गाडीची नोंद पुढच्या मोसमासाठी दोघांच्या नावाने करते. मगदूम, तुमचा परवाना श्रावणात संपत होता ना?”

“व्हय.”

“मुजावरांचं वय?”

“बेचाळीस.”

“समाईक खात्यात वय सरासरीने धरतात. अठ्ठेचाळीस आणि बेचाळीस. पंचेचाळीस झालं.” त्यांनी फाईलवर शिक्का मारला. “अजून तीन वर्षं आहेत.”

धनपाल तिथेच गवतावर बसला. त्याच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. आयुष्यात इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं. मग त्याने खिशातून फोन काढला आणि घरी लावला. पहिली रिंग पुरी वाजायच्या आत पद्माने उचलला.

“पद्मे, दुसरा आलो!”

“अहो, मग फोन कसा केलासा? बरं न्हाई का वाटत?”

“लई बरं वाटतंय. इक्बालबी दुसराच आलाय.”

“आणि पयला कोण?”

“कुणी न्हाई. जागा रिकामी हाय. जाहिरात काढणार हायत.”

“अस्सं,” पद्मा म्हणाली. “आणि आता इक्बालभाऊ कुठं हायत?”

“हितंच. माझ्याबरोबरच येणार. गाडी येकच हाय.”

पलीकडून पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

“मग चार भाकरी जास्त थापते,” ती म्हणाली. “सावकाश या.”