कर्नलची कुरकुर

"कर्नल पुन्हा पडला!" मुलगा खोलीतून ओरडला तेव्हा आई कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला टॉवेल हातातच राहिला.

मुलगा इंजिनिअर होता. लिफ्टच्या पोटात बसणारे छोटे संगणक त्याची कंपनी बनवायची. त्या संगणकाच्याही पोटात एक मुख्य प्रोग्राम असतो, बाकी सगळ्यांना कामाला लावणारा. त्याला कर्नल म्हणतात. तो कोसळला की लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध लटकते, आणि तो का कोसळला हे हुडकून काढण्याचा मुलाला पगार मिळे. आईला हे कोणीच सांगितलं नव्हतं. वडील गेल्यावर ती मुलाकडे राहायला आली होती. बंद दाराआडून जे कानावर पडे, त्यातून तिने स्वतःचा एक कर्नल उभा केला होता: निवृत्त, एकटा, प्रकृतीने तोळामासा, आणि भोवती सगळी बेफिकीर पोरं.

वडील गेले तेव्हा आई रडली नव्हती. नातेवाइकांनी "खंबीर आहे हो" असं प्रमाणपत्र देऊन आपापल्या गाड्या पकडल्या. एकदा माणूस खंबीर ठरला की त्याची विचारपूस करावी लागत नाही, ही मोठी सोय असते. ती जेवायची चिमणीएवढं आणि बोलायची त्याहून कमी. जे बोलायची तेही कर्नलबद्दल.

"आज बरे आहेत का ते?"

"आहे चालू. कुरकुरतोय जरा," मुलगा मान वर न करता सांगे. आई आपल्या कामाबद्दल विचारते, याचं त्याला कौतुक वाटे.

आज मात्र दार अर्धवट उघडं होतं. आत स्क्रीनवर मीटिंग चालली होती. कंपनीच्या साहेबांचा आवाज आला, "पडायच्या आधी काही बोलला होता का?"

"सकाळपासून वॉर्निंग देत होता, साहेब."

"मग बघितलं का नाही?"

"वॉर्निंगच होती ना. चालतोय तोवर कोण बघतं?"

स्क्रीनवरच्या सगळ्या चौकोनांत हशा पिकला. तेवढ्यात मुलाच्या मागे टॉवेलसकट आई उगवली.

"हसताय कसले? तो बिचारा सकाळपासून सांगतोय, बरं वाटत नाही. आणि तुम्ही म्हणे चालतोय ना! आडवा झाल्यावरच बघणार का?"

चौकोनांतली मंडळी ताठ बसली. मुलगा "आई, अगं..." म्हणत म्यूटचं बटण शोधू लागला. साहेब घसा खाकरून म्हणाले, "काकू, कर्नल हा माणूस नाही हो. प्रोग्राम आहे, यंत्रातला."

आई क्षणभर गोंधळली. मग तिने टॉवेल खांद्यावर टाकला. "माणूस नाही म्हणून काय झालं? सांगतोय तर ऐकायला नको?"

उत्तर नसलं की साहेब हुकूम सोडत. "काकूंचं बरोबर आहे. आजपासून पहिली वॉर्निंग आली की सगळं बंद. तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही."

कर्नलमध्ये तशी सोय असतेच. शहाणी माणसं तिच्या वाटेला जात नाहीत. कंपनीच्या इमारतीतली लिफ्ट याच कर्नलवर चाले. ती आधी दार किंचित उशिरा लागलं म्हणून थांबली, मग पंखा हळू फिरला म्हणून, मग घड्याळ जरा मागे पडलं म्हणून. माणसं धापा टाकत जिने चढू लागली. दुपारी मुलाचा फोन वाजला.

"मी आत अडकलोय," साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "काकूंना कळू देऊ नकोस. पण मला बाहेर काढ."

आई दारातच उभी होती. "आता ऐकतात का त्याचं?"

"ऐकतात ना. म्हणून तर सगळं ठप्प आहे. साहेब लिफ्टमध्ये आहेत."

"एवढं काय सांगत होता तो?"

"काही नाही गं. तो दिवसभर काही ना काही सांगतच असतो. ढिगातली खरी वॉर्निंग कुठली, ते पडल्यावरच कळतं."

आई खुर्चीच्या कडेवर टेकली. "यांचंही तसंच होतं. कधी गुडघा, कधी पाठ, कधी उचकी. त्या दिवशी म्हणाले, खांदा दुखतोय. मी म्हटलं, उशी बदला. बदलली त्यांनी. मुकाट्याने."

मुलगा टाइप करायचा थांबला. आपल्याला इतके दिवस नेमकं काय विचारलं जात होतं, हे त्याच्या आता ध्यानात आलं.

"पडल्यावर तू शोधतोस ना? मग शेवटचं जे सांगितलं, तेच असतं का कारण?"

"नाही आई. खरं कारण बहुतेक वेळा फार आधीचं असतं. आत कुठेतरी जुनं. वरून काही दिसतच नाही."

"म्हणजे मी तेव्हा उशीचं म्हटलं नसतं, तरी..."

"तरी काही उपयोग नव्हता."

"नक्की?"

या धंद्यात कोणी "नक्की" म्हणत नाही. "बघावं लागेल" म्हणतात, "बहुधा" म्हणतात. आणि बघायला तर आता काही उरलंच नव्हतं.

"नक्की," तो म्हणाला.

आईचा चेहरा आधी ओठांपाशी मोडला. ती रडली ती अशी, की मुलाला तिचा हात धरण्यापलीकडे काही सुचेना. टेबलावर फोन थरथरत राहिला. बऱ्याच वेळाने तिने पदराने डोळे पुसले आणि फोनकडे बोट दाखवलं.

"अरे, त्या साहेबांना काढ आधी. सकाळपासून काही खाल्लंय का त्यांनी?"