पुढचं डावं चाक

गाडीच्या ब्रेकचं काम घरच्या घरी करता येतं, असं मी आमच्या ह्यांना तीन आठवडे सांगत होते. नुसतं करता येतं असं नाही, एका सकाळीत करता येतं आणि वर दहाच्या आत भाकरीही थापून होतात.

"गॅरेजला दाखवू," हे म्हणाले. आमचे हे, म्हणजे अंगद, गावातलं दूध संकलन केंद्र सांभाळतात. त्यांच्या 'दाखवू'ला तारीख नसते.

मी अंगणवाडीची पर्यवेक्षिका. पारनेर तालुक्यातली बावीस गावं या जुन्या गाडीतून फिरते. ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून पाट्यावर वरवंटा घासल्यासारखा आवाज यायचा. राळेगणच्या रस्त्याला चरणाऱ्या शेळ्या माना वर करून बघायच्या. एका अंगणवाडीतली पोरं तर "गिरणी आली" म्हणून दारात यायची. मला मुळात एका जागी बसवत नाही, त्यात तो आवाज. जेवताना कानात, मीटिंगमध्ये कानात. शेवटी पारनेरहून ब्रेकचे नवे पॅड आणले, मोबाईलवर व्हिडिओ सात वेळा पाहिला आणि रविवारी हे केंद्रावर गेल्या गेल्या गाडी अंगणात घेतली.

मागच्या चाकांना दगड लावले. जॅक लावला, डावं चाक काढलं. आतली लोखंडी तबकडी दिसली. तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात, म्हणून गाडी थांबते. जुने पॅड झिजून पत्र्याला टेकले होते. मी मांडीवर थाप मारली. निदान बरोबर.

ओट्यावर माझ्या सासूबाई, झुंबरबाई, लसूण सोलत होत्या. वय बहात्तर. आमच्या घरात स्वस्थ न बसणाऱ्या दोघीच, एक मी आणि दुसऱ्या त्या. दोन पाकळ्या सोलून त्या उठल्याच.

"काय झालंय गं हिला?"

"घासतंय, आई. म्हणून कुरकुरतंय."

"आन् हे एवढ्यासाठी चाक काढलं व्हय?"

मी नवे पॅड बसवले, बोल्ट आवळले, आणि चाक चढवणार तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसातून. पोरांच्या वजनांची एक नोंद जुळत नव्हती आणि ती त्यांना रविवारीच हवी होती. रेंज घरात येते, म्हणून मी आत गेले. बाहेरून सासूबाई काहीतरी विचारत होत्या. मी फोनवर बोलत होते, "हो हो, ती सोडा, सोडून द्या. उद्या बघू."

सासूबाईंनी बाहेरून विचारलं होतं, "ह्याला जरा त्याल सोडू का?" हे मला नंतर कळलं.

परत आले तर तबकडी चकचकत होती. आपण फडक्यानं किती छान पुसली, असं मला वाटलं. चाक चढवलं, गाडी खाली घेतली, ब्रेक पाच-सहा वेळा दाबून कडक करून घेतला. उजवं चाक दुपारी करू म्हटलं. गाडी अंगणातल्या अंगणात पुढंमागं केली. आवाज नाही. कुसळ पडलं तरी ऐकू यावं अशी शांतता.

"मारुतीपर्यंत ने मला," असं म्हणत सासूबाई पुढच्या सीटवर बसल्यासुद्धा.

आमच्या घरापासून मारुतीपर्यंत उतार आहे. वळणावर उजव्या अंगाला कानिफनाथ भाऊजींच्या कडब्याची गंजी. त्या दिवशी भाऊजी गंजीवर चढून पेंढ्या रचत होते. वळण आलं, मी ब्रेक दाबला. गाडी थोडी हळू झाली आणि उजवीकडे निघाली. अजून जोरात दाबला, तर अजून उजवीकडे. मी स्टेअरिंग डावीकडे ओढत होते आणि गाडीनं गंजीवरच मन बसवलं होतं.

"तिकडं कुठं चाललीस?" सासूबाईंनी विचारलं.

"मी नाही, आई, गाडी चाललीय."

गाडी गंजीत काचेपर्यंत घुसली आणि थांबली. वरून भाऊजी दोन पेंढ्यांसकट घसरत बॉनेटवर उतरले. कुणाला खरचटलंही नाही. ते तसेच बसून काचेतून म्हणाले, "वहिनी, हॉर्न तरी द्यायचा."

पाच मिनिटांत अर्धी वाडी जमली. मग वास सुटला. डाव्या चाकातून धूर आणि भज्यांचा घाणा काढावा तसा शेंगदाणा तेलाचा खमंग वास. एका बाईनं तर कुणाकडे कार्यक्रम आहे असं विचारलं. मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या लुगड्याला चिकटलेली कडब्याची एकेक काडी मन लावून वेचत होत्या.

हे केंद्रावरून धावत आले. चाकाशी वाकले, वास घेतला, माझ्याकडं पाहिलं.

"ब्रेकला तेल? कुणी सोडलं?"

सासूबाईंची काडी हातातच राहिली. ह्या वयात, सगळ्या वाडीसमोर, पोटच्या पोरानं विचारलेलं. आणि 'सोडा' तर मीच म्हणाले होते.

"मी," मी म्हणाले.

ह्यांनी बाह्या वर सारल्या आणि भाऊजींबरोबर गाडीवरच्या पेंढ्या काढायला घेतल्या.

सोमवारी गाडी दोरीनं ओढत पारनेरला नेली. मिस्त्रीनं चाक उघडलं, तबकडी धुतली, तेल प्यालेले पॅड काढून टाकले. "मॅडम, बसवलेत एकदम बरोबर. शिकाऊ माणसाला जमत नाही असं," तो म्हणाला. हे त्या वेळी बाहेर चहा प्यायला गेले होते.

बुधवारी चार गावं पलीकडच्या अंगणवाडीत गेले. आवाज न करता थांबले. तिथल्या सेविका राहीबाई खुर्ची पुसता पुसता हसायच्या थांबत नव्हत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई, मॅडम. काल बाजारात तुमच्या सासूबाई भेटल्या हुत्या."

"मग?"

"म्हनल्या, आमची सून लई शिकलेली हाय. पन ब्रेकाला त्याल घालू न्हाई, एवढं काय तिला ठावं न्हाई. मी म्होरंच बसले हुते, म्हनल्या, पन शिकलेल्या मानसाला आपन कुटं सांगायचं?"

मी वजनाचं रजिस्टर मागितलं आणि पहिल्या पानापासून तपासायला घेतलं.